पासपोर्ट एक, जन्मगाव दुसरे, आडनाव तिसऱ्याच गावचे

संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशात कुणी निवडणूक जिंकली किंवा बड्या कंपनीच्या प्रमुखपदी बसले, की आपल्या वृत्तपत्रांत तीन शब्द आलटून पालटून येतात: ‘भारतीय वंशाचे’, ‘अनिवासी भारतीय’ आणि ‘मूळचे भारतीय’. मथळ्यात एक, बातमीत दुसरा, छायाचित्राखाली तिसरा. (तोच माणूस घोटाळ्यात सापडला की तिन्ही गळून पडतात, ते असो.) वाचकाला वाटते, हे समानार्थी शब्द आहेत. तसे ते नाहीत. ही केवळ भाषेची तक्रार असती तर पत्र लिहिले नसते. पण बातम्या वाचून डोक्यात बसलेले हेच शब्द माणसे व्हिसाच्या, ओसीआयच्या (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डाच्या) आणि शाळेच्या अर्जांत उतरवतात, आणि अर्ज परत येतात.

‘अनिवासी’ हा शब्द मुक्कामाबद्दल बोलतो, रक्ताबद्दल नाही. प्राप्तिकर खात्याचा ढोबळ हिशेब १८२ दिवसांचा: आर्थिक वर्षात तितके दिवस भारतात राहिला तो निवासी. (याला पोटनियम आहेत, पण मोजले जातात ते दिवसच.) दुबईत वेल्डिंग करणारा रत्नागिरीचा माणूस अनिवासी भारतीय आहे, त्याचा पासपोर्ट भारताचा आहे. नमुना ६-अ भरून तो मतदार यादीत नावही घालू शकतो, फक्त मत द्यायला त्याला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर यावे लागते. याउलट बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात आहेत. तिथे बसायला किमान सात वर्षे अमेरिकेचे नागरिकत्व लागते, म्हणजे ते अमेरिकी नागरिक आहेत हे उघड आहे. त्यांना ‘अनिवासी भारतीय’ म्हणणे साफ चूक.

भारताचे नागरिकत्व कुणी काढून घेईपर्यंत टिकते, हा दुसरा गैरसमज. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ सांगते की, प्रौढ माणसाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. ज्या दिवशी शपथ, त्याच दिवशी. पासपोर्ट जमा करण्याचा दिवस वेगळा असतो. त्यावरची मुदत २०३१ पर्यंत असली तरी ती वही आता प्रवासाला चालत नाही; ती वापरली, किंवा कहर म्हणजे तिचे नूतनीकरण करून घेतले, तर पासपोर्ट कायद्याखाली दंड बसतो. ती वकिलातीत देऊन समर्पण प्रमाणपत्र घ्यायचे असते. पुढे ओसीआयच्या अर्जात हाच कागद मागतात, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते, कारण जुना पासपोर्ट ‘आठवण म्हणून’ कपाटात ठेवलेला असतो आणि ऐन वेळी सापडत नाही.

ओसीआय कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द आहे आणि सगळ्या घोळाचे मूळ त्यात आहे. हे दुहेरी नागरिकत्व नाही. २०१५च्या दुरुस्तीत कायद्यानेच नावापुढे ‘कार्डधारक’ हा शब्द जोडला. कार्डधारकाला आयुष्यभराचा व्हिसा मिळतो. मतदान नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेणे नाही. मिळते कुणाला? जो स्वतः २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर भारताचा नागरिक होता, किंवा त्या दिवशी व्हायला पात्र होता, किंवा १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशाचा होता, त्याला; आणि त्याच्या मुला-नातवा-पणतवंडांना. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिकत्व स्वतःचे किंवा आई-वडिलांचे, आजोबा-पणजोबांचे कधीही असेल तर नाही. म्हणजे ‘भारतीय वंश’ ही कायद्याच्या लेखी भावना नाही, मोजलेल्या पिढ्या आहेत. मॉरिशसच्या बाबतीत त्या सातव्या पिढीपर्यंत वाढवल्याचे राष्ट्रपतींनी २०२४ मध्ये तिथेच जाहीर केले. त्रिनिदादसाठी सहाव्या पिढीपर्यंतची घोषणा २०२५ मध्ये झाली.

आता ‘वंश’ या शब्दाकडे वळतो. मराठीत वंशाचा दिवा असतो तो बापाच्या बाजूने. लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाचे नाव सगळीकडे छापून आले, आणि ते योग्यच होते. वडिलांचे मूळ गाव ते. पण त्यांचा जन्म डब्लिनचा आणि आई आयरिश. ‘भारतीय वंशाचे पंतप्रधान’ या तीन शब्दांत आई नाहीशी झाली. गंमत अशी की, आपला कायदाही बरीच वर्षे असाच चालत होता. परदेशात जन्मलेल्या मुलाला १० डिसेंबर १९९२ पूर्वी केवळ वडील भारतीय असतील तरच वारशाने नागरिकत्व मिळे. त्या तारखेनंतर आई किंवा वडील, कुणीही एक पुरते. एकाच मराठी आईची, परदेशी नवऱ्यापासून परदेशात झालेली दोन मुले, एक १९९० चे आणि एक १९९३ चे, कायद्याने वेगवेगळी ठरू शकतात. ३ डिसेंबर २००४ नंतर आणखी एक अट आली: जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यायचे. अमेरिकेत जन्मलेले बाळ जन्मतःच अमेरिकी नागरिक असते आणि त्याला भारतात आणायला बहुतेक जण आधी अमेरिकी पासपोर्टच काढतात. मग हे प्रतिज्ञापत्र कसे देणार?

असे मूल पाच वर्षांचे होऊन पुण्यात किंवा नाशकात परतते आणि शाळेत नाव घालताना ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात लिपिक सवयीने ‘भारतीय’ लिहितो. पालकही काही बोलत नाहीत. उलट बरे वाटते. हीच नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरातून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. बारा वर्षांनी ‘नीट’ देऊन वैद्यकीय प्रवेशाची वेळ आली की दाखला ‘भारतीय’ म्हणतो, पासपोर्ट ‘अमेरिकी’ म्हणतो आणि हातात ओसीआय कार्ड. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेने ओसीआय विद्यार्थ्यांना प्रवेशासाठी अनिवासी भारतीयांच्या जागांपुरते ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की हा बदल त्या तारखेनंतर मिळालेल्या कार्डांनाच लागू. तेव्हा कार्डावरची तारीख आधी पाहावी. दाखल्यावरची चूक शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सुटल्यावर त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि हेलपाटे सुरू होतात. रकान्यात लिहायचे ते पासपोर्टवरचे नागरिकत्व. आजी कोल्हापूरची आहे हे त्या रकान्याला विचारायचेच नसते.

जुन्या कागदांवर राष्ट्रीयत्वापुढे ‘हिंदी’ असे दिसले तर ती मातृभाषा समजू नये. स्वातंत्र्यापूर्वीच्या मराठीत ‘हिंदी माणूस’ म्हणजे हिंदुस्थानचा माणूस. इंग्रजीत भाषांतर करणारे नवखे लोक तिथे भाषेचे नाव लिहून मोकळे होतात.

आपल्याकडे ‘डोमिसाईल’ म्हणून जो कागद तहसील कार्यालयातून मिळतो, त्याचे पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. तीन वेगळ्या गोष्टी एका कागदावर आल्यामुळे त्या एकच आहेत असा समज पक्का होतो. १९८४च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की देशात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास नसतो. महाराष्ट्रात आपण पंधरा वर्षे मोजतो ती राज्यातल्या वास्तव्याची. ते ना वंश, ना राष्ट्रीयत्व.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण मात्र गोव्याचे. तिथे १९ डिसेंबर १९६१ला पोर्तुगीज राजवट संपली. २८ मार्च १९६२च्या नागरिकत्व आदेशाने, ज्यांचा, ज्यांच्या आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये झाला, ते त्या दिवसापासून भारताचे नागरिक मानले गेले. ज्यांना पूर्वीचे नागरिकत्व ठेवायचे होते त्यांना महिन्याच्या आत तसे लिहून द्यायचे होते. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४च्या करारात. पण त्यांच्या कायद्याच्या नजरेत १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगीज म्हणूनच जन्मला होता. त्यामुळे आजीचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवला, की त्या दप्तराप्रमाणे ती नव्याने पोर्तुगीज होत नाही. ती होतीच, फक्त नोंद राहिली होती. तिच्यामागून मुलाची नोंद लागते.

ही साखळी असते आणि एक कडी निसटली तर पुढची लागत नाही: आजीचा जन्म, आजीचे लग्न, मग वडिलांचा जन्म. निसटते ती बहुधा नावावरून. पोर्तुगीज दप्तरात कामत ‘कामोतिम’ झाले, शेणवी ‘सिनाय’, प्रभू ‘पोरोबो’. मुक्तीनंतर अनेकांनी आडनावे पुन्हा मराठी-कोंकणी वळणाची करून घेतली. आता आजीच्या दाखल्यावर एक आडनाव, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि लिस्बनच्या कार्यालयातल्या बाईंना दोन्ही घराणी वेगळी वाटतात. नाव बदलल्याचे राजपत्र जोडले नाही तर अर्ज महिनोन्महिने पडून राहतो.

खरी ठिणगी पडते ती दिल्ली आणि लिस्बन यांच्या वाचनात. लिस्बन म्हणते, आम्ही काही दिले नाही, होते ते लिहिले. दिल्ली म्हणते, तुम्ही स्वेच्छेने घेतले, म्हणून कलम ९ लागले. नुसती जन्मनोंद झाली, पण पासपोर्ट काढलाच नाही, अशा माणसाचे काय? कायद्याप्रमाणे हा निवाडा केंद्र सरकार करते. हाती परदेशी पासपोर्ट असेल तर मात्र वादाला जागा उरत नाही. गोव्यात हा प्रश्न मतदार यादीपासून विधानसभेपर्यंत जाऊन आलेला आहे. मधल्या काळात माहिती दडवल्याच्या कारणाने पासपोर्ट रद्द होऊ लागले. रद्द झालेल्यांना समर्पण प्रमाणपत्र मिळेना आणि त्याविना ओसीआय मिळेना. २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशांतल्या लोकांसाठी पासपोर्ट रद्द झाल्याचा आदेशच पर्याय म्हणून मान्य केला, तेव्हा कोंडी थोडी सुटली. म्हणून एजंट ‘फक्त नोंद करून ठेवू, बिघडत काही नाही’ म्हणाला तर सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

इंग्लंडमधल्या स्विंडन गावात गोवेकरांची मोठी वस्ती आहे. तिथल्या एखाद्या गोवेकराने २०२१च्या जनगणनेचा अर्ज कसा भरला असेल ते पाहण्यासारखे आहे. जन्मदेश: भारत. कुठला पासपोर्ट: पोर्तुगाल. राष्ट्रीय ओळख, म्हणजे स्वतःला काय मानता: ब्रिटिश, पोर्तुगीज, भारतीय, जे वाटेल ते. वांशिक गट: ‘एशियन’ या मोठ्या चौकटीतला ‘इंडियन’, किंवा ‘इतर’मध्ये हाताने लिहिलेले ‘गोवन’. एकच माणूस, चार उत्तरे आणि चारही खरी. ब्रिटनच्या अर्जाने हे प्रश्न वेगळे ठेवले म्हणून ते जमते. ब्रेक्झिटनंतर तिथे राहण्याचा हक्क मात्र या चारपैकी एकाच उत्तरावर ठरला: पासपोर्ट.

अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत नेमके उलटे आहे. तिथे देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि देश ठरतो तो जन्मस्थळावरून, नागरिकत्वावरून नाही. पुण्यात जन्मलेल्याने मधल्या काळात कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी तो भारताच्याच रांगेत उभा. मात्र बायकोचा जन्म दुबईतला असेल तर नवऱ्याला तिच्या जन्मदेशाची रांग धरता येते, आणि ती बरीच आखूड आहे. कितीतरी जोडपी हे न तपासता वर्षे काढतात. बायकोही ‘भारतीयच’ आहे असे गृहीत धरलेले असते. तिच्या जन्मदाखल्यावर कुठले गाव आहे हे कुणी पाहत नाही.

त्याच देशाच्या जनगणनेत १९२० ते १९४० या काळात ‘हिंदू’ हा धर्म नव्हे, वंश म्हणून छापलेला होता, आणि पंजाबातले शीखही त्यात मोजले जात. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरे’ नसल्याच्या कारणाने नागरिकत्व नाकारले. ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला तो १९८० मध्ये. ‘अमेरिकन इंडियन’ म्हणजे तिथले आदिवासी. घाईत तिथे खूण करणारे आपले लोक अजून आहेत.

मॉरिशसमध्ये ‘हिंदू’ आणि ‘मराठी’ असे दोन शब्द शेजारी आले की आपल्याला चुकल्यासारखे वाटते. तिथल्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे बहुधा भोजपुरी-हिंदी मुळाचे; मराठी, तमिळ, तेलुगू यांची नावे वेगळी घेतात. तिथल्या जनगणनेने घरी बोलायची भाषा आणि पूर्वजांची भाषा असे दोन प्रश्न विचारले आहेत, म्हणून घरात क्रिओल बोलणारा माणूस दुसऱ्या उत्तरात ‘मराठी’ लिहू शकतो. हा प्रश्न आपल्याही जनगणनेत हवा होता असे तंजावरकडच्या मराठी घरांकडे पाहून वाटते. मॉरिशसमध्ये पूर्वज शोधायचा असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या आहेत. शोध आडनावाने करू नये. कितीदा आजचे आडनाव हे त्या पहिल्या माणसाचे नुसते नाव असते, फ्रेंच कानांनी ऐकून लिहिलेले. जहाज, आल्याचे वर्ष आणि नोंदणी क्रमांक यांवरून माणूस लवकर हाती लागतो.

बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, आडनावे मात्र सरळ जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवतात: रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर. इस्रायलमध्ये नागरिकत्व आणि ‘लेओम’, म्हणजे राष्ट्र किंवा जनसमूह, या दोन वेगळ्या नोंदी. तिथला नागरिक लेओमच्या नोंदीत यहुदी, अरब किंवा द्रूझ असतो. ‘इस्रायली’ ही नोंद तिथे करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नकार दिला. हिब्रूत यहुदीला ‘येहुदी’ आणि भारतीयाला ‘होदी’ म्हणतात. पेणकर दोन्ही आहेत.

आपल्या उपसंपादकांना विनंती एवढीच की ‘वंश’ हा शब्द सोडून द्यावा. त्याने वंशवादातला वंश आणि घराण्यातला वंश एकाच वेळी सूचित होतात. त्याऐवजी माहिती लिहावी: ‘अमेरिकी नागरिक, शिक्षण बेळगावात’, ‘आयरिश नागरिक, जन्म डब्लिन, वडील मूळचे मालवणकडचे, आई आयरिश’. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियो कोस्ता यांच्याबद्दल ‘गोव्याचे सुपुत्र’ न म्हणता ‘जन्म लिस्बन, वडिलांचे घराणे मडगावचे’ असे लिहिले तर तीनच शब्द जास्त लागतात. त्यांच्या वडिलांचा जन्मही मोझांबिकचा. ओसीआय असेल तर ‘ओसीआय कार्डधारक’ म्हणावे, ‘दुहेरी नागरिक’ नव्हे. ऋषी सुनक यांचे आजोबा गुजरांवाल्याचे, आई-वडील पूर्व आफ्रिकेत जन्मलेले, स्वतः साउदॅम्प्टनचे. गुजरांवाला आज पाकिस्तानात आहे. त्यांना कुठल्या देशाच्या वंशाचे म्हणायचे हे ठरवण्यापेक्षा गावांची नावे दिली की वाचक आपले आपण समजून घेतो. तशीही आपली विचारायची रीत ‘गाव कुठले?’ अशीच आहे, आणि तीन पिढ्या गिरगावात काढलेला माणूसही त्यावर कोकणातले नाव सांगतो.

शेवटी, फाळणीपूर्वी कराचीत जन्मलेल्या वडीलधाऱ्यांबद्दल. १९३६ पर्यंत कराची मुंबई इलाख्यात होती आणि मराठी कुटुंबे तिथे बरीच होती. भारतीय पासपोर्टच्या अर्जात, १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी आजच्या पाकिस्तानात किंवा बांगलादेशात जन्मलेल्यांनी देश म्हणून ‘अविभाजित भारत’ लिहायचे असते. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात मात्र जन्मस्थळाच्या देशाचे आज प्रचलित असलेले नाव मागतात, म्हणजे पाकिस्तान. दोन अर्जांत दोन उत्तरे आली म्हणून घाबरून एखादे बदलू नये. जन्मदाखल्याची प्रत आणि जुना पासपोर्ट मुलाखतीला सोबत ठेवावा.

आपला,
कागदपत्रांच्या कामातला एक वाचक
रत्नागिरी